शेजारणीचा भाव

माझे दाजी खोटं बोलतात. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी माझी समजूत घालायला नको. आमच्या नात्यात लग्न असो, बारसं असो, पंगत बसली आणि आमटीचं पातेलं दिसलं की ते घसा साफ करतात आणि अजिंठ्याची गोष्ट काढतात. "त्या टायमाला शेगडी मी निवडली, म्हणून आपल्या बाया अजिंठ्याला गेल्या," असं सांगतात. ऐकणारी पोरं माना डोलावतात. माझी स्वतःची सून एकदा म्हणाली, "आई, दाजी किती हुशार होते ना तेव्हा." माझ्या हातातल्या पापडाचा चुरा झाला. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली बहीण, अशा वेळी पदराआड हसते आणि मला डोळ्यानं खुणावते, की जाऊ दे. इतकी वर्षं मी जाऊ देतेय. आता माझी साठी उलटली, परतूरला माझं भांड्यांचं आणि शेगड्यांचं दुकान आहे, पाटीवर नवऱ्याचं नाही तर माझं नाव आहे, आणि जाऊ द्यायची मला काही गरज राहिलेली नाही. जे झालं ते असं झालं.

आम्ही टेंभुर्णीचे. घर दोन खणांचं, पुढं ओसरी, ओसरीच्या भिंतीला बुद्धाची तसबीर आणि तसबिरीखाली कोंबड्यांचं खुराडं. आबा, म्हणजे माझे वडील, गवंडीकाम करायचे आणि त्यांना प्रत्येक वस्तू वाजवून बघायची खोड होती. कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवणार. टरबूज वाजवणार, माठ वाजवणार, आक्काला बघायला दाजी आले तेव्हा दाजींच्या पाठीवर थाप मारायच्या निमित्तानं त्यांनाही वाजवून बघितलं असं आम्ही बहिणी म्हणायचो. "पोकळ हाये का भरीव, ते आवाजावरून कळतं," असं ते सांगायचे. दाजींचा आवाज त्यांना भरीव वाटला, यावरून काय ते समजा. माय मात्र कधी काही वाजवत नसे. तिचा आवाज म्हणजे भाकरीचा. सकाळी थप थप थप सुरू झालं की आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या मोजायचो. नेहमीपेक्षा जास्त थापा ऐकू आल्या की समजायचं, आज कुणीतरी गावाला निघालंय. ती स्वतः कधीच निघालेली नसायची.

दर थंडीत आमच्या वाड्यातले पुरुष एक टेम्पो ठरवून अजिंठ्याची लेणी बघायला जायचे. टेंभुर्णीहून अजिंठा काही लांब नाही, सकाळी निघालं की दिवेलागणीला परत. पण बाया कधी गेल्या नव्हत्या. पहाटे उठून भाकरी थापायच्या, ठेचा वाटायचा, फडक्यात बांधून द्यायचं, आणि टेम्पो वळणाआड गेला की झाडलोट करायला घरात यायचं. त्या वर्षी गोठ्यात शेण भरताना माय एकदम मला म्हणाली, "वच्छे, माह्या भाकरी चार येळा अजिंठ्याला जाऊन आल्या." एवढंच म्हणाली आणि पुढची पाटी उचलली. मी सोळा वर्षांची होते आणि तेव्हाही माझं डोकं लवकर तापायचं. त्याच संध्याकाळी मी ओसरीवर आबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "औंदा बाया येणार."

आबा ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नसत, कारणं सांगत. बाया आल्या की लेकरं आली, लेकरं आली की त्यांना ताजं गरम अन्न लागतं, आणि तिथं लेण्यांखाली तीन दगड मांडून चूल पेटवू देत नाहीत, धूर दिसला की राखणदार येतो. मग शिजवायचं कशावर? ओसरीवर बसलेल्या बाकीच्या पुरुषांनी हुंकार भरले. त्यातच दाजीही होते. सासुरवाडीला आले की त्यांना पाहुण्यासारखं बसून हुंकार भरायला फार आवडायचं. शेवटी आबा हात झटकत म्हणाले, "स्टो असंल तर चला. टेम्पोत नेता येईल, बिनधुराचा, असा स्टो आणा, मंग बाया बी चला." वाड्यात एकाही घरी स्टो नव्हता, हे त्यांना माहीत होतं. मला एवढंच कळलं, की मधे एक स्टो आहे, त्याच्या अलीकडं माय आहे आणि पलीकडं अजिंठा.

मायनं दोन कोंबड्या विकल्या आणि पैसे पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातावर ठेवले. सहलीच्या आधी एकच बाजार उरला होता. मी एकटीनं जायचं नाही म्हणून सोबतीला दाजी. आणि मीच का, तर वाड्यात सगळ्यात कडक भाव मी करायचे. ही फुशारकी नाही. गयाकाकू शेजारून लुगडं घ्यायला निघाली तरी मला हाक मारायची. माझी एक रीत होती, मीच शोधलेली असं मी तेव्हा समजत होते. तिला मी शेजारणीचा भाव म्हणायचे. आपल्याला जी वस्तू हवी तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. तिच्या शेजारची वस्तू उचलायची, तिला नावं ठेवायची, आणि तिचा असा काही भाव मागायचा की दुकानदार कातावला पाहिजे. तो नाही म्हणतो, आपण उठतो, चप्पल घालतो, आणि जाता जाता वळून सहज विचारतो, "मंग हे केवढ्याला?" इतका वेळ घालवलेलं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तो झटक्यात खरा भाव बोलतो. छत्रीचा भाव करून मी आक्कासाठी चपला घेतल्या होत्या. पातेल्याचा भाव करून परात घेतली होती. आजही परतूरच्या माझ्या दुकानात कुणी येऊन कढईला नावं ठेवायला लागलं की मी कढई सोडून तिच्या शेजारी काय ठेवलंय तिकडं बघते.

बाजारात लतीफचाचा जुन्या-नव्या भांड्यांचं दुकान मांडायचे. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर कंदील, गाळण्या, डबे, आणि मधोमध तो. पितळी, पंपाचा, तीन पायांवर उभा. सकाळचं ऊन त्याच्या पोटावर पडून असं चमकत होतं, की मला त्यात माझं पसरट तोंड दिसलं. गर्दी व्हायच्या आत भाव पाडावा म्हणून मी अगदी पहाटे निघाले होते, दोरवाला अजून दोर सोडत होता, बांगडीवालीची टोपली झाकलेली होती. हीच माझी चूक. पण ती कळायला अजून थोडा वेळ होता.

पितळी स्टोच्या शेजारी तेलाच्या डब्याची शेगडी होती. भुशाची शेगडी म्हणतात ती. खाली बाजूला एक भोक, वर भांडं ठेवायला लोखंडाचे तीन खिळे, की झालं. मी ती बोटानं कलती केली.

"चाचा, हा डब्बा केवढ्याला?"

"बेटी, डब्बा कशाला बघून राह्यली? हा पितळी बघ. रेलसारखा चालतो."

"पितळी आमच्या घरी दोन पडेल हायेत."

"दोन?" दाजी म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मंग डब्ब्याचे तीस दे," चाचा म्हणाले.

"तीस? खालून गंजलाय. एक खिळा वाकडा हाये. ह्याच्यात आमच्या कोंबड्या बी बसणार न्हाईत. पाच रुपये देईन."

पाच म्हटल्यावर ते भडकतील, मी उठेन, आणि मग वळून पितळीचा भाव विचारेन, असं सगळं मनात बसवलेलं होतं. मी उठलेसुद्धा. एका पायात चप्पल घातली. चाचांनी आधी आभाळाकडं बघितलं, मग रिकाम्या बाजाराकडं, मग माझ्या दुसऱ्या, अनवाणी पायाकडं.

"ले जा," ते म्हणाले.

"काय?"

"पाच में ले जा. सकाळपासून तूच पयली. भवानीचा टाइम हाये, भवानीला मी न्हाई म्हणत नसतो. तुझ्या तोंडातून भाव निघाला न? मंग घे."

ज्यांनी कधी बाजार केला नाही त्यांना यात काय मोठं ते कळणार नाही. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. दुकानदार कमी भाव सोसेल, पण गिऱ्हाइकानं आपल्या तोंडानं भाव बोलून, तो कबूल झाल्यावर पाठ फिरवली, तर त्याचा अख्खा दिवस नासला. भवानी मोडणाऱ्या माणसाला पुढं अख्ख्या बाजारात कुणी नीट उत्तर देत नाही. "मी नुसतं इचारलं व्हतं," असं मी म्हणून बघितलं. दोरवाला वर बघू लागला. बांगडीवालीनं टोपलीवरचं फडकं काढता काढता हात थांबवला. मी पाच रुपये दिले. चाचांनी ते कपाळाला लावले, आणि मग डोळे बारीक करून म्हणाले, "पितळी पायजे व्हता न तेरे कू?"

मी दुसऱ्या पायात चप्पल घातली.

"चाळीस साल हितं बसून राह्यलो मी. ही चाल माझ्या आईनं काढेल हाये. आता बोल, पितळीचा भाव एकच. एक रुपया कमी न्हाई."

उरलेल्या पैशांत पितळी येत नव्हता. मी अर्धा तास भांडले, लाल झाले, दोनदा उठून गेले आणि दोनदा परत आले. चाचा चहा पीत होते. दाजी कुठं आहेत म्हणून बघितलं तर ते दोरवाल्याच्या दोरांच्या ढिगावर बसून, पोट धरून हसत होते. दोरवालाही हसत होता. येताना दाजींनी शेगडी टोपीसारखी डोक्यावर घातली आणि रस्ताभर मला विचारत आले, "वच्छलाबाई, अजून काय घ्यायचं? एखादा फुटका माठ? बिनदांड्याची छत्री?" मला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं, नुसते कान तापले होते. गाव जवळ आलं तेव्हा दाजींना माझी दया आली असावी. ते जाफराबादला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते. म्हणाले, "भुसा पायजे तेवढा आणून देतो, फुकट. ह्या डब्ब्यात दुसरं काय घालणार तू?" दोन दिवसांनी सायकलच्या मागं बांधून त्यांनी दोन पोती भुसा आणला. या सगळ्या गोष्टीत त्यांचा वाटा तेवढाच. दोन पोती भुसा. लिहून ठेवा.

शेगडी ओसरीवर ठेवल्यावर आबांनी ती वाजवली. ठण्ण वाजली. "डब्बा हाये," ते म्हणाले. पुरुष जमले. प्रत्येकानं एकदा वाजवली. मग एकजण म्हणाला, आपण स्टो आणा म्हणलो होतो, ही तर शेगडी आहे. आणि तो शब्द त्यांनी असा पकडून ठेवला, जसा मांजर उंदीर पकडून ठेवते. स्टो म्हणजे स्टो. शेगडी म्हणजे शेगडी. बोलणं झालं होतं स्टोचं. मी विचारलं, "स्टोमधी काय असतं? आग पेटती, भांडं बसतं, उचलून नेता येतं. हिच्यात काय कमी हाये?" आबा म्हणाले, स्टोला पंप असतो. मी म्हणाले, पंप सायकलचा पण असतो, मग सायकलवर भात शिजवा. दाजी म्हणाले, स्टोला आवाज असतो. मी म्हणाले, आवाज तुमचा पुरेसा आहे. ते भांडण अशा थराला गेलं की गयाकाकू भाजी निवडायची सोडून कुंपणाला येऊन उभी राहिली, आणि दोन लेकरं सगळ्यांच्या पायांतून जाऊन शेगडीवर बसली.

त्या गोंधळात मायनं लेकरांना उठवलं आणि शेगडी उचलून नेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी बघितलं, कारण मी तिच्याकडं पाठ करून भांडू शकत नाही. तिनं अंगणात शेगडी ठेवली. काचेची एक बाटली तिच्या मधोमध उभी केली. खालच्या भोकातून एक काठी घालून बाटलीच्या बुडाला टेकवली. मग कोरडा भुसा ओंजळीनं बाटलीभोवती टाकत गेली आणि मुठीनं ठोकत गेली, पुन्हा टाकला, पुन्हा ठोकला, गच्च, अगदी काठापर्यंत. मग बाटली हलकेच गोल फिरवून वर काढली, काठी बाहेर ओढली, आणि मधे विहिरीसारखं गोल भोक राहिलं, एक कणही ढासळला नाही. तिनं कागदाचा बोळा पेटवून खालून आत सारला. आधी जरासा धूर आला, मग तोही गेला. आत लाल विस्तव दिसायला लागला. तिनं तुरीच्या डाळीचं पातेलं वर ठेवलं, येसराच्या मसाल्याची पुरचुंडी बाजूला काढून ठेवली, आणि ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. हात मांडीवर. मी तिला अशी बसलेली कधी बघितली नव्हती. चुलीपाशी ती असायची तेव्हा लाकूड पुढं सार, फुंकणी घाल, डोळे पूस, असं चालूच असायचं.

पुरुषांचं अजून स्टो-शेगडी चालूच होतं. मग आबा बोलता बोलता थांबले. त्यांनी नाक वर केलं. येसर पडलेल्या आमटीचा वास त्या ओसरीवर आला आणि सगळ्यांची तोंडं एकदम बंद झाली.

"काय शिजून राह्यलं?" आबांनी विचारलं.

"डब्ब्यात डाळ शिजून राह्यली," माय म्हणाली. "चालू द्या तुमचं. तिला कुनी लागत न्हाई."

आबांनी दोन वाट्या आमटी प्यायली आणि तिसऱ्या वाटीला म्हणाले की स्टो हा तसा इंग्रजी शब्द आहे, आपल्यात शेगडीच म्हणतात. टेम्पोत बायांची जागा ठरली.

तो दिवस आठवला की मी दुकानात एकटीच हसते आणि गिऱ्हाईक दचकतं. आम्ही बावीस जण होतो. भुशाचं पोतं दाजींच्या बुडाखाली दिलं होतं, कारण टेम्पोत बसायला दुसरं काही मऊ नव्हतं, आणि पोत्याला भोक होतं. पहिल्याच खड्ड्यात भुसा असा उडाला की सगळे हळदीला बसल्यासारखे पिवळे झाले. गयाकाकूनं दाजींना नवरा म्हणून ओवाळायचं सोंग केलं. आक्का म्हणाली, आता दुसऱ्यांदा लग्न नको, पहिल्याचंच पुरे झालंय. माय टेम्पोच्या कडेला बसली होती, एका हातानं फळी धरून आणि दुसऱ्या हातानं शेगडी. रस्त्यात जे गाव येई त्याचं नाव ती विचारून घेई आणि स्वतःशीच एकदा म्हणून बघे. ही गावं तिच्या भाकरींनी बघितली होती.

खाली, लेण्यांपासून बरंच अलीकडं, झाडांखाली लोक जेवायला थांबायचे तिथं आम्ही उतरलो. मायनं भुसा भरला, पेटवला, मोठं पातेलं चढवलं. थोड्या वेळानं काठी घेऊन राखणदार आला. "चूल कुनी पेटवली?" त्यानं विचारलं. तो धूर शोधत होता, झाडांच्या शेंड्यांकडं बघत होता. माय म्हणाली, "भाऊ, धूर दिसला का तुमाला?" तो म्हणाला, न्हाई. "मंग चूल न्हाई." त्यानं वाकून डब्यात बघितलं, खालच्या भोकातून बघितलं, आणि झाकण ठेवा, ठिणगी उडू देऊ नका, असं सांगून गेला. जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

आणि मग मला ती दिसली. आमच्यापासून दहा पावलांवर दुसरी एक मंडळी उतरली होती, परभणीकडची, आणि त्यांच्याकडं पितळी स्टो होता. तसाच. पंपाचा, तीन पायांवर उभा, ऊन पडलेला. एक बाई त्याच्यासमोर उकिडवी बसून पंप मारत होती. ज्योत खाली गेली की पंप, भडकली की चावी सैल, भोक बुजलं की पिन. तिच्या घरची माणसं वरच्या वाटेला लागली होती आणि मागं वळून तिला हाका मारत होती. "तुमी जाऊन या," ती म्हणत होती, "मी स्टोजवळ हाये." मी त्या स्टोकडं बघितलं, मग मायकडं. पाच रुपयांत मी काय घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि मी काय घेणार होते तेही. मायनं आमटीवर झाकण ठेवलं, पदर झटकला, आणि त्या बाईला म्हणाली, "बाई, बंद कर ते भर्र भर्र. तुझं पातेलं आमच्या शेगडीवर ठेव, खाली येऊस्तोवर दोन्ही व्हतील. वरी जाऊ चल." आमचं मोठं पातेलं आणि त्याच्या तोंडावर तिचं लहान, असं एकावर एक ठेवून, शेगडीला राम राम करून दोघी निघाल्या.

वर लेण्यांत आबांनी भिंत वाजवली. खरंच वाजवली. हजारो वर्षांच्या दगडावर पेर मारून कान लावला आणि म्हणाले, "पक्कं काम हाये." पुढं कुणीतरी काही सांगत होतं, रंग, चित्रं, राजे, माझं लक्ष नव्हतं. निजलेल्या बुद्धाच्या लेणीत माय थांबली. तो केवढा लांब आहे, हे तिनं पायांपासून डोक्यापर्यंत चालत जाऊन बघितलं आणि पुन्हा चालत पायांशी आली. हात जोडले. मग भिंतीला टेकून खाली बसली. बाकीचे पुढं गेले. मी दाराबाहेरच्या उन्हाकडं बघितलं, बराच वेळ झाला होता.

"माय, आमटी करपली असंल."

"न्हाई करपत. दाबून भरलाय भुसा."

"येऊ का बघून?"

"बस इथं," ती म्हणाली. "शिजू दी तिची ती."

आम्ही बसलो. तिच्या हातात काहीच नव्हतं, काठवट नाही, फुंकणी नाही, शेणाची पाटी नाही. ती त्या निजलेल्या चेहऱ्याकडं बघत होती आणि जरा वेळानं मला वाटलं, तिलाही झोप लागतेय.

खाली आलो तर आमटी शिजली होती आणि वरच्या पातेल्यातला भात मऊसूत झाला होता. दोन्ही मंडळी एकत्र जेवली. माणसं तीस-पस्तीस, आमटी बावीस जणांची, पण कुणी उपाशी उठलं नाही. परतीच्या टेम्पोत दाजी ते खोटं पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "शेगडी निवडली म्हणून बरं झालं. मी बाजारातच म्हणलो व्हतो, पितळी नको." मी टेम्पो थांबवायला लावला. रस्त्यावर उभी राहून मी त्यांना दोर, टोपी, फुटका माठ, सगळ्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, भुसा कुणाचा होता? मी म्हणाले, भवानीला अडकले मी, लाज गेली माझी, आणि शेगडी तुमची? डायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटी माय वरून म्हणाली, "ए, चढा. जाफराबादला माह्या बापाच्या घरी भुश्यावरच रांधलंय मी लगीन होऊस्तोवर. पितळी आणू नको, हे मी सांगणार व्हते. पर मला इचारलं कुनी?"

मी चढले. दाजीही चढले. घर येईपर्यंत दोघंही गप्प होतो, जी आमच्या आयुष्यातली बहुतेक एकमेव वेळ.

लग्नानंतर मी परतूरला आले, मोंढ्याबाहेर, म्हणजे धान्यबाजाराबाहेर, गोणपाट टाकून गाळण्या विकायला बसले, आणि तिथून या दुकानापर्यंत आले. कसं आले ती वेगळी गोष्ट आहे. ती शेगडी वरच्या फळीवर आहे, विकायची नाही. हल्ली पोरं येतात, लोणारला तंबू टाकून राहायला जायचं म्हणतात, आणि मुठीत मावणारा घडीचा बर्नर मागतात, ज्याला खाली गॅसचा छोटा डबा फिरवून बसवायचा. मी तो ठेवते. तो चांगला आहे, वाऱ्यात विझतो पण चांगला आहे. फक्त विकायच्या आधी मी एक विचारते, की तिथं स्वयंपाक कोण करणार. जो करणार तो समोर नसेल तर मी बर्नर परत फळीवर ठेवते. पोरांना वाटतं म्हातारी सटकली आहे. वाटू दे.

परवा असाच एक आला, जालन्याचा, सकाळी दुकान उघडता उघडता. मी विचारलं. तो म्हणाला, मिसेस करेल. मी म्हणाले, फोन लाव तिला. त्यानं नाक मुरडलं, लावला, आणि फोन माझ्यापुढं धरला. मी म्हणाले, "बाई, तुमचा नवरा स्टो घेऊन राह्यला. कोणता पायजे तुमाला? बसून चालवायचा का सोडून जाता येईल असा?" मला वाटलं लाइन गेली.

मग ती म्हणाली, "मला विचारताय?"

भवानीची वेळ होती. त्या पोरानं तोंडही उघडलं नव्हतं आणि मी आपण होऊन भाव कमी केला, आयुष्यात पहिल्यांदा. हे दाजींना कुणी सांगू नका. पुढच्या लग्नात ते म्हणतील, त्यांनीच करायला लावला.